नागपाड्यातलं मिशन

१८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनची ओळख म्हणजे शाळा, छापखाना आणि धर्मप्रचार. शंभरेक वर्षांनी याच मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट नागपाड्यात काम करू लागले. वस्ती गरीब, कष्टकऱ्यांची. त्यात नाना धर्मांचे लोक. तिथे त्यांनी उभारलं ते चर्च नव्हे, ‘नेबरहूड हाउस’. खेळ, वाचन, व्याख्यानं. दार सगळ्यांना उघडं. १९३६ मध्ये समाजकार्य शिकवणारी टाटांची संस्था, म्हणजे आजची ‘टिस’, इथेच सुरू झाली. मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक.

धर्मांतरांची बेरीज मांडणारे आणि मिशनरी म्हटलं की संशय घेणारे, दोघांच्याही हिशेबात नागपाडा बसत नाही. म्हणूनच कदाचित दोघंही त्याबद्दल फारसं बोलत नाहीत.