दिनविशेष : १ मे १९१२ – केन्सिंग्टन बागेत पीटर पॅन

लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये या दिवशी सकाळी मुलांना पीटर पॅनचा ब्राँझचा पुतळा अचानक दिसला. या पात्राचे जनक, लेखक जे. एम. बॅरी यांनी स्वखर्चाने तो शिल्पकार जॉर्ज फ्रॅम्प्टन यांच्याकडून घडवून घेतला आणि रातोरात बसवला. पऱ्यांनीच तो आणला, असे मुलांना वाटावे म्हणून! केवढा हा बालमनाचा विचार! पायथ्याशी खारी, ससे, उंदीर आणि पऱ्या आहेत. लेखकाने आपल्याच पात्राचा पुतळा सार्वजनिक बागेत उभारावा का, असा प्रश्न थेट ब्रिटिश संसदेत आला. बॅरीही पुरते समाधानी नव्हते. पीटरमधला खट्याळ सैतान त्यांना त्यात दिसेना. कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमधील राणीचा बैठा पुतळाही फ्रॅम्प्टन यांचाच.