छपराखालचे पाणी

‘बर्फाखाली बुडी मारायला शिकायचे आहे, एखादी जागा सुचवा,’ असे गोव्यात कुणी विचारले तर लोक आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतील! आपल्याकडे बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीत घालायचा तो. तरीही हा विषय गोमंतकाला अगदीच परका नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली ती गोव्याच्या किनाऱ्यावरूनच. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेजियन जहाजातून निघाले आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिथल्या बर्फावर उतरले. ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही वास्कोला, हेडलँड सड्यावर आहे.

तर अशा बुडीसाठी जागा कशी शोधायची? बर्फ माणसे आणि सामान पेलण्याइतका जाड हवा. खालचे पाणी संथ हवे, वाहते असेल तर ते माणसाला भोकापासून दूर ओढून नेईल. गाडीरस्ता जवळ हवा, कारण गारठलेल्या माणसाला लगेच उबेत न्यावे लागते. आपल्या देशात असा बर्फ मिळणार तो हिमालयातल्या तळ्यांवर, आणि तिथे उंचीमुळे हवेचा दाब कमी असल्याने पाण्यातून वर येण्याचे समुद्रसपाटीचे कोष्टक जसेच्या तसे चालत नाही. पण सर्वांत मोठा धोका डोक्यावरच्या छपराचा. उघड्या समुद्रात काही बिघडले तर पाणबुड्या सरळ वर येऊ शकतो. इथे सरळ वर गेला तर डोके बर्फावर आपटेल. ज्या भोकातून आत गेला त्यातूनच बाहेर यायचे. म्हणून त्याच्या अंगाला दोर बांधतात आणि दुसरे टोक वर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात देतात. सांगायचा मुद्दा असा, की छपराखालच्या पाण्यात उतरायचे तर परतीची वाट आधी आखावी लागते.

हे सगळे वाचताना माझ्यासारख्या इतिहासाच्या नादी लागलेल्या कारकुनाला आठवले ते बुऱ्हाणपूर. उन्हाळ्यात भाजून निघणाऱ्या त्या तापीकाठच्या गावाचा बर्फाशी काडीचा संबंध नाही. मात्र छप्पर असलेल्या पाण्यात माणसाने कसे उतरावे आणि सुखरूप वर कसे यावे, याचा विचार तिथे चारशे वर्षांपूर्वी झालेला आहे. त्या रचनेचे नाव कुंडी भंडारा. कुणी त्याला खुनी भंडाराही म्हणतात. पाण्याला किंचित लालसर छटा होती म्हणून हे नाव पडले, अशी एक समजूत आहे.

बुऱ्हाणपूर वसवले फारुकी सुलतानांनी, १४०० च्या सुमारास. १६०१ मध्ये अकबराने शेजारचा असीरगड घेतला आणि हे शहर मोगलांचे दख्खनेतले मुख्य ठाणे बनले. फौजा, हत्तीघोडे, विणकर, व्यापारी, सराया... एवढ्यांना पाणी पुरवायचे कुठून? तापी राजवाड्याच्या पायथ्याशी वाहते खरी, पण ती बरीच खाली. शिवाय शत्रूने नदीत विष कालवले तर, ही भीतीही होती असे सांगतात. तेव्हा १६१५ मध्ये, जहांगीरच्या कारकिर्दीत, तब्कुतुल अर्ज नावाच्या इराणी भूजलतज्ज्ञाने ही योजना आखली. त्या काळात दख्खनेतला मोगलांचा मोठा सरदार होता अब्दुल रहीम खानखाना, ज्याचे दोहे आपण शाळेत हिंदीच्या तासाला पाठ केले, तोच हा रहीम.

या इराण्याने नदीकडे पाठ फिरवली आणि सातपुड्याकडे पाहिले. डोंगरावरचा पाऊस जमिनीत मुरतो आणि आतल्या आत तापीच्या दिशेने झिरपत जातो. ते झिरपणे वाटेतच अडवायचे, भुयारात गोळा करायचे आणि नुसत्या उताराने शहरात आणायचे. उतार जास्त झाला तर पाणी भुयार पोखरते, कमी झाला तर गाळ बसतो. इराणात याला कनात म्हणतात. पंप नाही, मोट नाही!

भुयाराच्या माथ्यावर ठराविक अंतराने विहिरीसारख्या गोल कुंड्या बांधल्या आहेत, शंभराहून अधिक. खोदताना माती त्यांतून वर काढायची, आत हवा आणि उजेड त्यांतूनच जायचा आणि साफसफाईला उतरलेला माणूस त्यांतूनच वर यायचा. बर्फाला पाडलेल्या भोकाचेच काम हे, फक्त इथे भोके रांगेने आहेत. मी गेलो तेव्हा लिफ्टने सुमारे ऐंशी फूट खाली उतरलो. पायांना गार, नितळ पाणी लागले, भिंतींवर चुनखडीचे पांढरे थर दिसले आणि वर पाहिले तर आभाळ थाळीएवढे! पुढच्या कुंडीचा उजेड पाण्यावर पडलेला दिसला की माणसाला धीर येतो. तो धीर आधीपासून बांधकामातच धरलेला होता, हे मला फार मोठे वाटले.

गंमत म्हणजे मोगलांचा कट्टर वैरी मलिक अंबर त्याच दशकात खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर), नहरीने पाणी आणत होता. रणांगणात एकमेकांचे गळे धरणाऱ्यांची पाण्याची विद्या मात्र एकच होती. आणि आपल्या कुळागरांत तरी वेगळे काय? डोंगराची झर हेरायची आणि पाटाने माडा-पोफळींपर्यंत आणायची. झर हेरणारा डोळा हेच खरे भांडवल.

असो. एकूण आठ भंडारे होते, त्यांतले दोन पूर्वीच नष्ट झाले. कुंडी भंडाऱ्यात चुन्याचे थर साचून झिरपण्याच्या वाटा बुजत आहेत. खोऱ्यातले भूजलही उपशाने खाली जात आहे. केळीच्या बागांना पाणी लागतेच, शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत या जागेचे नाव आले. मे २०२५ मध्ये तापी खोऱ्यातल्या पुनर्भरण योजनेसाठी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात करार झाला. म्हणजे पाणी जमिनीत मुरवायला हवे, हे चारशे वर्षांनी आपण कागदावर मान्य केले.

पण यादीत नाव येते ते कुंड्यांचे आणि भुयाराचे. पाणी मात्र सातपुड्याच्या उतारावर मुरते. तो उतार उघडा बोडका झाला, बांधकामांनी झाकला गेला, तर खाली उरेल ते कोरडे भुयार आणि तिकीट काढून आलेले पर्यटक. आमच्या गावचे सडे आणि डोंगर कापले जाताना बघतो तेव्हा मला हीच धास्ती वाटते. झर आटली की पाट कितीही जपला तरी उपयोग काय?