मरणातून सुटणारे कोडे

परवा मुलाने संगणकावर एक खेळ लावला आणि म्हणाला, "अब्बा, दिवा मालवा." पडद्यावर काळेकरडे जंगल, एक चिमुकला मुलगा, त्याचे लुकलुकते डोळे. तो हरवलेल्या बहिणीला शोधतो आहे. कुणी एक शब्द बोलत नाही, तरी मी दचकलो.

हा 'लिम्बो'. डेन्मार्कचे चित्रकार आर्न्ट येन्सन यांच्या २००४च्या सुमाराच्या रेखाटनांतून तो जन्मला. २००६ मध्ये त्यांनी डिनो पाट्टी यांच्यासह कोपनहेगनला 'प्लेडेड' ही छोटी संस्था काढली. २०१० मध्ये खेळ बाजारात आला. मार्टिन स्टिग आंदर्सन यांनी जुन्या ध्वनिमुद्रण यंत्रांतून आवाज काढून ते धूसर केले.

यात मुलगा सापळ्यात सापडून मरतो, लगेच थोडे मागून पुन्हा चालू लागतो. पुढे तसलाच लोखंडी सापळा ढकलत नेऊन अजस्र कोळ्याच्या पायाखाली ठेवायचा असतो. ज्याची धास्ती, तेच हत्यार होते!

कवितेतले शब्द मी आयुष्यभर खोडत आलो. न सांगितलेलेच अधिक भिववते, हे ठाऊक होते. पण त्या भीतीतच वाट दडलेली असते, हे मला या मुक्या पोराने शिकवले.