कोंबड्याचा तुरा आणि पिशवीचं ऑपरेशन

मागच्या वेळी आम्ही पिशवीच्या ऑपरेशनवर बोललो होतो. त्यानंतरच्या बैठकीत एका गटातल्या काकूंनी विचारलं, "माह्या पिशवीसंगं अजून काय काढलं, हे मले कसं समजन?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्ही बरंच मागं, पार कोंबड्यापर्यंत गेलो. तीच गोष्ट आज सांगतो.

गोऱ्हा खच्ची केला की शांत होतो, हे आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण असं का होतं, हे कोणी तपासलं नव्हतं. 1849 साली जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथं बेर्थोल्ड नावाच्या प्राध्यापकांनी सहा कोंबडे घेतले आणि त्यांचे वृषण काढले. काहींचा तुरा सुकला, आरवणं गेलं, भांडण गेलं. काहींच्या पोटात मात्र वृषण पुन्हा ठेवून दिला. त्यांचा तुरा लालभडक राहिला. म्हणजे वृषणातून रक्तात काहीतरी उतरत होतं.

ते "काहीतरी" हाती यायला 1935 साल उजाडलं. ॲम्स्टरडॅममध्ये लाकर यांच्या प्रयोगशाळेत वळूंचे शंभर किलो वृषण घेतले आणि त्यातून जेमतेम 10 मिलिग्रॅम पदार्थ निघाला. मिठाच्या चिमटीपेक्षाही कमी! त्याला नाव दिलं टेस्टोस्टेरॉन. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिका या दोघांनी तो प्रयोगशाळेत तयारही केला. 1939 चं नोबेल त्या दोघांना जाहीर झालं.

नाव वृषणावरून पडलं आणि घोळ तिथंच झाला. सगळ्यांनी धरून चाललं की हा पुरुषांचा पदार्थ. पण तो बाईच्या अंगातही तयार होतो, अंडाशयात आणि मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथींमध्ये. दवाखान्यात ज्याला ओव्हरी म्हणतात तेच अंडाशय, पिशवीच्या दोन बाजूंना दोन. पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन दहा-वीस पट जास्त असतं, पण आपल्यात नसतं असं नाही. विशीत असतं त्याच्या साधारण निम्मं चाळिशीपर्यंत उरतं, हळूहळू, कळतही नाही. आणि पाळी गेल्यावरही अंडाशय ते थोडंथोडं बनवत राहतात. हे ऐकून आमच्या बैठकीत बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कारण "आता लेकरं झाली, ते ठेवून काय कामाचं?" हे वाक्य त्यातल्या कितीतरी जणींनी ऐकलेलं होतं.

दोन्ही अंडाशय काढले की रक्तातलं टेस्टोस्टेरॉन एकदम निम्म्यावर येतं. त्याहून मोठा फटका इस्ट्रोजेनचा. अंग भाजतं, झोप जाते, हाडं लवकर ठिसूळ होतात. वय पस्तीस असलं तरी.

बायकांना टेस्टोस्टेरॉन देण्याची सुरुवात 1940 च्या दशकात झाली. स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगावर ते देत असत. तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं की काही बायकांची नवऱ्याजवळ जाण्याची इच्छा वाढते आहे. नीट तपासून पाहायला आणखी चाळीस वर्षं गेली. 1985 साली कॅनडात बार्बरा शेर्विन यांनी पिशवी आणि अंडाशय काढलेल्या बायकांवर अभ्यास केला. टेस्टोस्टेरॉन दिल्यावर त्यांची इच्छा परत आली.

इच्छा हा शब्द रेडिओवर बोलायला आम्हालाही जड जातं. पण आपल्या मराठीत र. धों. कर्वे यांनी 1927 पासून "समाजस्वास्थ्य" मासिकात हे उघड लिहिलं. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांसाठी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 साली त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. दंड झाला तो झालाच, पण कर्वे 1953 पर्यंत, मरेपर्यंत, मासिक काढत राहिले. मग आपण लाजायचं कशाला?

पुढं पोटावर चिकटवायची एक पट्टी निघाली. 2004 मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञांनी तिला नकार दिला. अनेक वर्षं वापरल्यावर काय होतं, याचा पुरावा नाही म्हणाले. 2006 मध्ये युरोपात परवानगी मिळाली, तीही पिशवी आणि दोन्ही अंडाशय काढलेल्या बायकांसाठीच. 2012 मध्ये कंपनीनं ती बाजारातून काढून घेतली. 2019 मध्ये जगभरच्या तज्ज्ञ संस्थांनी एकत्र बसून सांगितलं की पाळी गेलेल्या बाईची इच्छा गेली असेल, तिला त्याचा त्रास होत असेल आणि दुसरं कारण सापडत नसेल, तेवढ्यासाठीच या औषधाचा पुरावा आहे. थकवा, विसराळूपणा, वजन यासाठी नाही. आणि रक्तातला आकडा कमी आला म्हणून कोणी आजारी ठरत नाही. असा आकडाच ठरलेला नाही. पॅकेजमध्ये तपासणी करून "तुमचं हार्मोन कमी आहे" म्हणणाऱ्यांना हे विचारा. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियानं खास बायकांसाठीच्या मलमाला मान्यता दिली. बहुतेक ठिकाणी डॉक्टर पुरुषांचंच जेल अगदी थोड्या मात्रेत देतात आणि रक्त तपासत राहतात. नवऱ्यासाठी आणलेलं जेल आपल्या मनानं लावायचं नाही. जास्त झालं तर तोंडावर केस येतात, आवाज घोगरा होतो, आणि तो घोगरेपणा औषध थांबवल्यावरही जाईलच असं नाही.

आता बघा. ज्या वर्षी तज्ज्ञांचं ते निवेदन आलं, त्याच 2019 मध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गोष्ट बाहेर आली. पाळीत खाडा पडला की मजुरी बुडते, अंगावर पांढरं जातं, फडावर शौचालय नाही. दवाखान्यात गेलं की पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. 82,309 बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सहांमागं एक. चर्चा झाली ती पिशवीची. अंडाशय कितींचे गेले, हा प्रश्न फार मागं पडला. शेर्विनबाईंनी ज्या अवस्थेचा अभ्यास केला, त्या अवस्थेतल्या बायका आपल्याकडे फडावर कोयता चालवत होत्या आणि त्यांना कोणी साधं इस्ट्रोजेनचं नावही सांगितलं नव्हतं. आम्हाला राग येतो तो इथं. 5 एप्रिल 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर निकाल दिला. नको असलेली ऑपरेशनं थांबवण्यासाठी केंद्रानं केलेली मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा तो आदेश आहे.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर असतं. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत टी-ए-एच असेल तर पोटातून पिशवी काढली. त्याच्यापुढं बी-एस-ओ असेल तर दोन्हीकडच्या नळ्या आणि अंडाशयही काढले. मागच्या बैठकीला आम्ही कार्डं आणायला सांगितली. काहींनी ती गव्हाच्या कोठीतून, काहींनी रेशनकार्डाच्या पिशवीतून शोधून आणली. काहींजवळ कागदच नव्हता. दवाखान्यानं दिलाच नाही म्हणाल्या.

काकूंच्या कार्डावर बी-एस-ओ होतं. ऑपरेशनच्या वेळी त्या छत्तीस वर्षांच्या होत्या. सोयाबीनची सोंगणी आटपली की आम्ही त्यांना हाडांच्या तपासणीला घेऊन जाणार आहोत, आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते त्यांनी आपल्या नातीकडून वहीत लिहून घेतलं आहे.