माकणीचा संघ कोणता ?

श्रोतेहो, आजच्या धाराशिव जिल्ह्यांत, लोहारा तालुक्यांत, तेरणा नदीच्या कांठीं माकणी नांवाचें एक गांव आहे. निम्न तेरणा धरणामुळें तें नांव पुष्कळांच्या कानांवर गेलेलें असेल. क्रिकेटच्या इतिहासाशीं या गांवाचा संबंध काय, असें आपण विचाराल. संबंध इतकाच कीं, येथें उभें राहून एक साधा प्रश्न विचारला, तर त्याचें उत्तर देतांना पाऊणशें वर्षांचा इतिहास उलगडावा लागतो. तो प्रश्न असा : माकणीच्या माणसानें कोणत्या संघाला आपला म्हणावें ?

खेळाचा इतिहास लिहिणारे बहुधा खेळाडूंचा इतिहास लिहितात. कोणी किती धांवा केल्या, कोणी किती गडी बाद केले, कोणत्या सालीं चषक कोणाकडे गेला, हें सर्व दप्तरीं नोंदलेलें असतें आणि तें नोंदावें हें योग्यच आहे. परंतु जो मनुष्य स्वतः कधीं बॅट हातीं धरीत नाहीं, आणि तरीहि हंगामाच्या पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत मनानें एकाच संघाच्या मागें फिरत राहतो, त्याचाहि कांहीं इतिहास असतो. संघ जिंकला म्हणजे त्याला कोणी हार घालीत नाहीं. संघ हरला म्हणजे मात्र त्याचें जेवण गोड लागत नाहीं. अशा अनुयायाच्या बाजूनें मी आज थोडें बोलणार आहें.

आरंभीं मुंबईकडे वळूं. कारण आपल्याकडे हजारों लोक सामन्यासाठीं कामधंदा सोडून जमूं लागले, ते प्रथम तेथें. १८९२ सालापासून तेथें युरोपियन आणि पारशी यांचे सामने होऊं लागले. १९०७ सालीं त्यांत हिंदु संघ आला, १९१२ सालीं मुसलमानांचा संघ आला आणि तिरंगी सामन्यांचे चौरंगी सामने झाले. १९३७ सालीं उरलेल्या सर्वांचा मिळून पांचवा संघ झाला. या व्यवस्थेंत ‘आपला संघ कोणता’ हा प्रश्न कोणाला पडतच नसे; जन्मानेंच त्याचें उत्तर दिलेलें असे. खेळ उत्तम होई आणि गर्दीहि अपार होई. परंतु टाळी कोणत्या बाजूनें वाजली, यावरून माणसाचा धर्म ओळखतां येत असे. या वांटणीबद्दल अनेकांच्या मनांत सल होता. १९४० च्या डिसेंबरांत महात्मा गांधींनींहि धर्माच्या पायावर संघ पाडण्यास आपली नापसंती उघड सांगितली. १९४६ नंतर हे सामने पुन्हां भरले नाहींत.

दरम्यान १९३४ सालीं रणजी ट्रॉफीचे सामने सुरू झाले होते. येथें संघ धर्मावर नव्हे, तर प्रांतावर आणि संस्थानांवर उभे होते. अनुयायाच्या दृष्टीनें ही मोठीच क्रांति होय. कारण ‘आपला’ या शब्दाचा अर्थच त्यामुळें बदलला. परंतु हा नवा नकाशा मराठी भाषेचा नकाशा नव्हता. मुंबई शहराचा संघ निराळा, पुण्यास केंद्र मानून उभा राहिलेला महाराष्ट्राचा संघ निराळा, बडोद्याचा निराळा, मध्यप्रांत-वऱ्हाडचा निराळा, पुढें इंदूरच्या होळकरांचा निराळा, आणि निजामांच्या राज्याचा म्हणून हैदराबादचा निराळा. एका भाषेचे लोक अशा रीतीनें सहा घरांत वांटले गेले.

माकणी त्या वेळीं निजामांच्या राज्यांत, उस्मानाबाद जिल्ह्यांत होती. म्हणजे कागदावर पाहिलें तर माकणीचा संघ हैदराबाद. आणि हा संघ कांहीं लेचापेचा नव्हता. १९३७-३८ च्या हंगामांत त्यानें अंतिम सामन्यांत नवानगरचा अवघा एक गडी राखून पराभव केला आणि रणजी ट्रॉफी जिंकली. तेव्हां अनुयायी व्हावयाचें आणि विजेत्याच्या मागें जावयाचें, एवढाच हिशेब असता, तर माकणीच्या माणसाला पुण्याकडे पाहण्याचें कांहींच कारण नव्हतें. परंतु घरांतील भाषा ही सरकारी कचेरीच्या भाषेहून निराळी असली म्हणजे ओढहि निराळी लागते. लातूरपर्यंत १९११ पासून बार्शी लाइट रेल्वेची लहान गाडी येत होती. दुसरीकडे सोलापूरची वाट होती, आणि सोलापूर म्हणजे ब्रिटिश मुलूख, मराठी वर्तमानपत्रांचा मुलूख. त्या वाटेनें जीं नांवें येऊं शकत होतीं, तीं पुण्याचीं होतीं.

त्यांत पहिलें नांव प्रोफेसर दिनकर बळवंत देवधर यांचें. पुण्याच्या सर परशुरामभाऊ कॉलेजांत संस्कृत शिकविणाऱ्या या गृहस्थांनीं १९२६ सालीं मुंबईस आलेल्या एम्. सी. सी. संघाविरुद्ध १४८ धांवा काढल्या होत्या. त्यांच्याच नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० सालीं संयुक्त प्रांताचा आणि १९४०-४१ सालीं मद्रासचा पराभव करून लागोपाठ दोन वर्षें रणजी ट्रॉफी घरीं आणली. दुसऱ्या वर्षीं पुण्यास मुंबईविरुद्ध झालेल्या सामन्यांत देवधरांनीं २४६ धांवा केल्या. तेव्हां त्यांचें वय ४८ होतें. महाराष्ट्राच्या ६७५ धांवा, मुंबईच्या ६५०. पंचवीस धांवांच्या आघाडीवर त्या बलाढ्य शेजाऱ्यास मागें सारण्यांत आलें. ज्या अनुयायानें तें वर्ष पाहिलें, त्याच्या मनांत एक आशा कायमची घर करून बसली. आणि आशा ही विजयाहून अधिक चिवट असते.

आतां आपण ज्या हंगामासाठीं ही प्रस्तावना केली, त्या १९४८-४९ च्या हंगामाकडे येऊं.

१३ सप्टेंबर १९४८ या दिवशीं हिंदी सैन्य सोलापूरकडून निजामांच्या हद्दींत शिरलें, आणि पहिल्याच दिवशीं उस्मानाबाद जिल्ह्यांतील नळदुर्ग त्याच्या ताब्यांत आला. १७ सप्टेंबरला हैदराबादनें शरणागति पत्करली. त्यानंतर तीन महिने होतात न होतात, तोंच पुण्याच्या मैदानावर एक अपूर्व डाव खेळला गेला. मराठवाड्याच्या शिवारांत ज्वारी कमरेवर आली असेल, हुरड्याचे दिवस जवळ आले असतील, असे ते दिवस. १६ डिसेंबर रोजीं महाराष्ट्राचा सामना काठियावाडशीं सुरू झाला. काठियावाडचा डाव २३८ धांवांवर आटोपला. नंतर कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळावयास आले, आणि ४९४ मिनिटें खेळून ४९ चौकार व एक षट्कार यांसह ४४३ धांवांवर नाबाद राहिले. भांडारकर यांच्या २०५ धांवा झाल्या. दुसऱ्या गड्यासाठीं या दोघांनीं मिळून ४५५ धांवा जोडल्या. महाराष्ट्राची धांवसंख्या ४ बाद ८२६ झाली.

ब्रॅडमन यांनीं १९३० सालीं सिडनी येथें नाबाद ४५२ धांवा केल्या होत्या. जगांतील तो उच्चांक. निंबाळकरांना बरोबरीस नऊ आणि उच्चांकास दहा धांवा हव्या होत्या. तिसऱ्या दिवशीं विश्रांतीच्या वेळीं काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनीं पुढें खेळण्यास नकार दिला. त्यांचा संघ मैदानावर परत आलाच नाहीं. सामना महाराष्ट्राच्या पदरीं पडला. दहा धांवा मात्र राहिल्या त्या राहिल्याच. निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना कधींहि खेळावयास मिळाला नाहीं. हिंदी खेळाडूनें प्रथम श्रेणीच्या सामन्यांत काढलेली सर्वांत मोठी धांवसंख्या म्हणून त्यांची ४४३ ही संख्या आजहि अबाधित आहे.

अनुयायानें या विजयाचें काय करावें ? नियमाप्रमाणें त्याचा संघ जिंकला. पण ज्याच्याशीं झुंजावयाचें तोच निघून गेला, तर जिंकलें कोणास ? कुस्तींत समोरचा पहिलवान आखाडा सोडून गेला, तर पंच कडें आपल्या हातीं देतील. पण फडावर आलेला माणूस घरीं जातांना कुस्ती पाहिल्याचें समाधान घेऊन जाणार नाहीं.

हंगाम पुढें गेला. ज्वारी कापून खळ्यावर येण्याचे दिवस आले, आणि मार्च १९४९ मध्यें पुण्यासच उपांत्य सामना आला. प्रतिपक्षी मुंबई ! पहिल्या डावांत मुंबईनें ६५१ धांवा केल्या. त्यांत माधव मंत्री यांच्या २०० होत्या. महाराष्ट्रानें ४०७ धांवांनीं उत्तर दिलें. २४४ धांवांची आघाडी हातीं असतांहि मुंबईनें महाराष्ट्रास लगेच पुन्हां खेळावयास लावलें नाहीं; ती स्वतःच फलंदाजीस उतरली, आणि ८ बाद ७१४ धांवांवर तिनें आपला डाव सोडला. दत्तू फडकर आणि उदय मर्चंट या दोघांनीं दोन्ही डावांत शतकें ठोकलीं. महाराष्ट्रापुढें विजयासाठीं ९५९ धांवांचा डोंगर उभा राहिला.

ही संख्या ऐकून शहाण्या माणसानें वर्तमानपत्राची घडी घालून ठेविली असती. संघानें मात्र तसें केलें नाहीं. दमलेल्या पायांनीं तो मैदानांत उतरला आणि त्यानें ६०४ धांवा केल्या. मधुसूदन रेगे यांनीं पहिल्या डावांत १३३ आणि दुसऱ्यांत १०० धांवा काढल्या. सातव्या दिवशीं सामना संपला, तेव्हां एकंदर धांवा २३७६ झाल्या होत्या आणि शतकें नऊ. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यांत जगांत याहून अधिक धांवा झालेल्या नाहींत. आणि इतकें करूनहि महाराष्ट्र ३५४ धांवांनीं हरला. मुंबई पुढें अंतिम सामन्यांत बडोद्याचा पराभव करून विजेती ठरली.

चौथ्या डावांत ६०४ हून मोठी संख्या तोंवर एकदांच झाली होती. मार्च १९३९ मध्यें दरबान येथें दक्षिण आफ्रिकेविरुद्ध इंग्लंडनें ६९६ धांवांचा पाठलाग करीत ५ बाद ६५४ धांवा केल्या. पण बोटीची वेळ झाली म्हणून तो सामना अनिर्णीत सोडून ते निघून गेले. पुण्यास कोणी निघून गेलें नाहीं. हरणारेहि शेवटच्या गड्यापर्यंत उभे राहिले.

माझें म्हणणें असें कीं, या एका हंगामांत अनुयायास जें शिकावयास मिळालें, तें अनेक हंगामांत मिळत नाहीं. डिसेंबरांत जय मिळाला, पण खेळ अपुरा राहिला. मार्चमध्यें पराजय झाला, पण खेळ पुरा झाला. केवळ निकालाचा कागद पाहणारा पहिल्यास सुख म्हणेल आणि दुसऱ्यास दुःख. परंतु ज्यानें हंगामभर वाट पाहिली, गांवीं टपाल येण्यास एक-दोन दिवस लागत असतांहि जो त्या धांवसंख्येसाठीं खोळंबून राहिला, त्याला या दोन निकालांतील कोणता अधिक आपला वाटेल ? मला वाटतें, मार्चचा. कारण निष्ठेला जें हवें असतें तें जिंकणें नव्हे. आपण ज्यांच्यासाठीं थांबलों तेहि शेवटपर्यंत थांबले, एवढेंच तिला हवें असतें.

अशी निष्ठा आपल्याकडेच आहे असें नव्हे. अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा चेंडूफळीचा खेळ आहे. त्या काळीं तेथें प्रत्येक संघ एका हंगामांत १५४ सामने खेळे, म्हणजे वसंतापासून शरदापर्यंत अनुयायास जवळजवळ रोज परीक्षा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागाचा डॉजर्स हा संघ त्याच १९४९ सालीं अंतिम मालिकेंत शेजारच्या यांकी संघाकडून हरला. १९४१, १९४७, १९५२ आणि १९५३ या सालींहि तो त्याच शेजाऱ्याकडून हरला. ‘पुढच्या वर्षीं पाहूं’ हा ब्रुकलिनच्या लोकांचा जणूं मंत्रच झाला होता. १९५५ सालीं अखेर तो फळला. आणि १९५७ चा हंगाम संपतांच मालकानें तो संघच उचलून लॉस एंजेलिस या दूरच्या शहरीं नेला. लोक जागींच राहिले आणि संघ निघून गेला.

माकणीच्या बाबतींत याच्या नेमकें उलट झालें. १९५६ सालीं हैदराबाद राज्याची फाळणी होऊन मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. माणूस जागचा हालला नाहीं. सीमा हालली, आणि संघ चालत त्याच्या दाराशीं आला. मराठवाड्याचीं मुलें आतां महाराष्ट्राच्याच संघांतून खेळूं लागलीं.

परंतु दाराशीं आलेला हा संघ चषक घेऊन मात्र आला नाहीं. १९४०-४१ नंतर महाराष्ट्रानें तीन वेळां अंतिम सामना गांठला : १९७०-७१ सालीं मुंबईविरुद्ध, १९९२-९३ सालीं पंजाबविरुद्ध आणि २०१३-१४ सालीं कर्नाटकाविरुद्ध. तिन्ही वेळां हार झाली. यांतील शेवटच्या हंगामाची कथा मोठी चटका लावणारी आहे. सर्वांत खालच्या गटांतून हा संघ वर चढला. केदार जाधव यांनीं त्या एका हंगामांत १२२३ धांवा केल्या. उपांत्यपूर्व सामन्यांत खुद्द मुंबईस तिच्याच वानखेडे मैदानावर आठ गडी राखून हरविण्यांत आलें. संघांत जालन्याचे विजय झोल होते, पैठणांत जन्मलेले अंकित बावणे होते. आणि अंतिम सामना कोठें व्हावा ? हैदराबादेस ! ज्या शहरांतून एके काळीं माकणीवर राज्य चाले, त्याच शहरीं मराठवाड्याचे तरुण महाराष्ट्राच्या नांवानें मैदानांत उतरले. कर्नाटकानें सात गडी राखून तो सामना जिंकला.

श्रोतेहो, आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. मुंबईच्या मैदानावर तें जन्मानें दिलें होतें. रणजी ट्रॉफीच्या पहिल्या नकाशावर तें राजाच्या सीमेनें दिलें. पुढें राज्यपुनर्रचनेनें दिलें. पण यांपैकीं कोणतेंच उत्तर अनुयायानें स्वतः दिलेलें नव्हतें. त्याचें स्वतःचें उत्तर तो दर वर्षीं, हंगाम उघडला म्हणजे, पुन्हां एकदां देत असतो. ज्याच्या पराजयाची बातमी आपण टाळीत नाहीं, पानावरून नजर न फिरवितां ती शेवटपर्यंत वाचतों, तोच संघ आपला. १९४१ पासून चषक आला नाहीं. तरी दर हिवाळ्यांत, रब्बीचीं पिकें उभीं असतांना, ही वाट पाहणारे घरोघर आहेत. दप्तरांत त्यांची नोंद नसली, तरी खेळ जिवंत आहे तो त्यांच्यामुळें.