दोनशे मीटरांच्या पुढे

गेल्या हिवाळ्यात शाळेच्या क्रीडा-सप्ताहाचा तक्ता तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. आमच्या गोरेगावात मोकळी मैदाने आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. त्यांतल्या एकावर फक्कीच्या रेघा ओढून घेतल्या आणि आदल्या वर्षीचा कागद पुढे ठेवून मी नवा लिहू लागलो. मुलगे : १००, २००, ४००, ८००, १५०० मीटर. मुली : १००, २००. नववीतली एक मुलगी खांद्यामागून डोकावत होती. ती म्हणाली, "सर, आमचं इतक्यातच संपलं?"

"मुलींना एवढं पुरे," मी म्हणालो.

रात्री तो शब्द मला टोचू लागला. हे 'पुरे' ठरवले कुणी? शोध घेऊ गेलो, तो कळले की माझ्या आधी जगातल्या मोठमोठ्या पंचांनी तोच शब्द उच्चारला होता.

१९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रिया प्रथमच मैदानी शर्यतींत उतरल्या. ८०० मीटरांची शर्यत जर्मनीच्या लीना राडके हिने २ मिनिटे १६.८ सेकंदांत जिंकली. शर्यत संपल्यावर काही जणी दमून गवतावर आडव्या झाल्या. झाले! बायकांच्या नाजूक प्रकृतीला हे झेपणारे नव्हे, असा वर्तमानपत्रांनी गिल्ला केला. पुरुष धावपटूही असेच आडवे होतात, हे कुणाच्या ध्यानी आले नाही. ती शर्यत जी बंद झाली, ती ३२ वर्षांनी, १९६० साली रोममध्ये पुन्हा सुरू झाली.

या मधल्या काळातच आमच्या शेजारची एक मुलगी ऑलिंपिकला गेली. शेजारची म्हणजे वांद्र्याची. गोरेगावहून लोकलने अर्ध्या तासाच्या आत पोचावे इतकी जवळची. मेरी डिसूझा तिचे नाव. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत तिने २०० मीटरांत कांस्यपदक मिळवले आणि १९५२ साली हेलसिंकीला ती १०० व २०० मीटर धावली. तिथे स्त्रियांना मोकळी असलेली सर्वांत लांब शर्यत कोणती होती, ठाऊक आहे? २०० मीटर! माझ्या तक्त्यातले शेवटचे अंतर आणि हेलसिंकीचे शेवटचे अंतर एकच होते.

पुढे मोठ्या वाड्यातल्या सासूने सुनेच्या हाती एकेक किल्ली सोपवावी, तशी ही अंतरे स्त्रियांच्या हाती आली. १९६४ साली ४०० मीटर, १९७२ साली १५००, १९८४ साली मॅरेथॉन, १९८८ साली १०,००० मीटर. अडथळ्यांची ३००० मीटर शर्यत तर थेट २००८ साली!

किल्ल्या हाती आल्या, तशा आमच्या खेड्यापाड्यांतल्या मुली पुढे आल्या. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल खेळांत १०,००० मीटरांचे कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई खेळांत रौप्य मिळवले. आणि सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातून ललिता बाबर आली.

माण म्हणजे दुष्काळी मुलूख. तिथल्या मोही गावच्या शेतकऱ्याची ही लेक. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये ती भारतीय स्त्रियांत पहिली आली. मग ती अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळली. या शर्यतीत ३००० मीटर धावताना अडीच फूट उंचीचे आडवे ओंडके २८ वेळा आणि पाण्याचा खड्डा ७ वेळा ओलांडावा लागतो. २०१४ साली इंचॉनला तिने कांस्य मिळवले, तर २०१५ साली वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण. २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि ऐन १५ ऑगस्टला ती अंतिम शर्यतीत उभी राहिली. १९८४ साली पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली होती. त्यानंतर ३२ वर्षांनी धावपट्टीवरच्या अंतिम शर्यतीत भारतीय स्त्री दिसली. ललिता दहावी आली.

दहावी! पदक नाही म्हणून त्या दिवशी कित्येकांनी सुस्कारे सोडले. मला वेगळेच वाटते. ही मुलगी १९३० च्या सुमारास जन्मती, तर तिलाही २०० मीटरांच्या रेघेपाशी थांबवले असते आणि तिथे ती चार जणींसारखीच ठरती. काही माणसांचे तेज दोन हजार मीटर सरल्यावरच प्रकटते. रेघ अलीकडे ओढली, की ते असते हेसुद्धा कुणाला कळत नाही. ललिताचा विक्रम २०२३ साली बुडापेस्टला पारुल चौधरीने ९ मिनिटे १५.३१ सेकंदांत मोडला. रेघ एकदा पुढे सरकली, की मागून येणारी ती आणखी पुढे नेते.

दुसऱ्या दिवशी तक्ता घेऊन बसलो आणि मुलींच्या रकान्यात ४००, ८०० आणि १५०० लिहिले. पंधराशेला अकरा नावे आली. ती नववीतली मुलगी चौथी आली आणि रेघ ओलांडताच गवतावर उताणी पडली. मी घाबरून पाणी घेऊन धावलो. तिने एक डोळा उघडला.

"सर," ती धापा टाकीत म्हणाली, "किती मिनिटं लागली?"