पाऊस की बुरशी? बटाट्याच्या करप्याचा जुना वाद

संशोधनाचा विषय शोधताय? मग आधी 1845 सालचा हा वाद वाचा. त्या वर्षी युरोपात बटाट्याची पानं काळी पडू लागली आणि सप्टेंबरपर्यंत रोग आयर्लंडला पोहोचला. पुढच्या दुष्काळात तिथे सुमारे 10 लाख माणसं गेली.

वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली म्हणाले, पाऊस फार झाला, झाडं पाणी पिऊन कुजली. पाद्री माइल्स बर्कली यांनी 1846 मध्ये मांडलं की पानांवरची बुरशी हेच कारण. (आज तिला बुरशीसारखा वेगळा जीव मानतात.) यावर आक्षेप सोपा होता: कुजलेल्यावर बुरशी येतेच की! नुसतं बघून हा वाद मिटणार नव्हता. 1861 मध्ये आंतोन दे बारी यांनी झाडं सारख्याच ओलाव्यात ठेवली आणि काहींवरच बीजाणू टाकले. फक्त तीच आजारी पडली.

पण लिंडलीही पूर्ण चुकले नव्हते. ओलाव्याशिवाय हा रोग पसरत नाही. 1947 मध्ये ब्यूमाँट यांनी नियम दिला: सलग 48 तास तापमान 10 अंशांखाली आणि आर्द्रता 75 टक्क्यांखाली गेली नाही, तर सावध व्हा. आज बीजाणू वाऱ्यावर कुठवर जातील, हे हवेच्या प्रवाहाची समीकरणं संगणकावर सोडवून काढतात.

तुमचं मॉडेल फोटोतला डाग ओळखेलही. पण डाग दिसेपर्यंत बीजाणू शेजारच्या शेतात गेलेले असू शकतात. म्हणून अचूकतेच्या टक्क्यांआधी स्वतःला विचारा: आपण कारण पकडतोय, की नुसती खूण? आणि दे बारींसारखी तुलनेची झाडं आपल्याकडे आहेत का?